नोव्हेंबरमधली सही

२०२४ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आलं होतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड, एमआयटी, ब्राऊन, कॉर्नेल या सगळ्यांच्या आगाऊ अर्जाची मुदतही त्याच दिवशी संपत होती. बहुतेक अर्ज ज्या ‘कॉमन ॲप’वरून जातात तिथं ही मुदत अर्जदाराच्या गावच्या घड्याळाने मोजतात. अमेरिकेत मध्यरात्र होईपर्यंतचे साडेनऊ तास पुणे-नाशिककरांना जास्तीचे मिळत नाहीत. दिवाळी पुढेमागे होते, १ नोव्हेंबर जागचा हलत नाही. आणि ज्या घरातलं मूल बारावीत आहे, अमेरिकेला जायचं म्हणतंय, तिथं गणपती उठले की एकच चर्चा सुरू होते: आधी अर्ज केला तर खरंच फायदा होतो का?

‘होतो’ असं सांगणाऱ्या सल्लागारांची आपल्याकडे कमतरता नाही. त्यांचं उत्तर चुकीचं म्हणता येणार नाही, पण ते अर्धं आहे. कोणाला होतो, कोणत्या प्रकारच्या अर्जात होतो आणि त्यासाठी काय मोजावं लागतं, हे तीन प्रश्न पुढे विचारायचेच असतात. अमेरिकेत या पद्धतीवर गेली पंचवीस वर्षं रण माजलेलं आहे. पुस्तकं लिहून झाली, विद्यापीठांनी ही पद्धत बंद करून पाहिली, काही वर्षांत पुन्हा सुरू केली, प्रकरण सरकारी वकिलांपर्यंत आणि कोर्टापर्यंत गेलं. आपल्या पालकांपर्यंत त्यातलं पोचतं ते फक्त टक्केवारीचं कोष्टक.

आधी प्रकार समजून घेऊ. ‘अर्ली डिसिजन’ हा बंधनकारक अर्ज. तो एकाच ठिकाणी करता येतो. त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात, आणि प्रवेश मिळाला तर बाकीचे सगळे अर्ज मागे घेऊन तिथंच जायचं असतं. ब्राऊन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, पेनसिल्व्हेनिया, ड्यूक ही या पद्धतीची विद्यापीठं. ‘अर्ली ॲक्शन’मध्ये निकाल लवकर कळतो, पण बंधन नसतं. १ मेपर्यंत इतर ठिकाणची उत्तरं बघून ठरवता येतं. एमआयटी हे त्याचं ठळक उदाहरण. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांनी मधला मार्ग काढला आहे. त्यांचा निकाल विद्यार्थ्याला बांधत नाही, पण त्या फेरीत दुसऱ्या खासगी अमेरिकी विद्यापीठात आगाऊ अर्ज करायचा नाही अशी अट आहे. सरकारी आणि परदेशी विद्यापीठांना या अटीतून सूट असते, म्हणून हार्वर्ड आणि ऑक्सफर्ड हे दोन्ही अर्ज एकाच हंगामात बिनदिक्कत करता येतात. याशिवाय शिकागो, व्हँडरबिल्ट, टफ्ट्स, जॉन्स हॉपकिन्स अशांची जानेवारीतली दुसरी बंधनकारक फेरी असते. पहिल्या प्रेमात नकार मिळालेल्यांना तिथं दुसरी संधी.

निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो. होकार, नकार किंवा ‘डिफर’, म्हणजे तुमचा अर्ज मार्चच्या नेहमीच्या ढिगात पुन्हा बघू. हे तिसरं उत्तर फार मोठ्या संख्येने मिळतं. त्याचं दुःख करू नये आणि त्यावर विसंबूही नये.

आता ते कोष्टक. २०२४ साली दाखल झालेल्या तुकडीसाठी हार्वर्डकडे ७,९२१ आगाऊ अर्ज आले, त्यांतल्या ६९२ जणांना प्रवेश मिळाला. हे ८.७ टक्के झाले. दोन्ही फेऱ्या मिळून ५४,००८ अर्जांतून १,९३७ जण निवडले गेले. आगाऊवाले बाजूला काढले तर उरलेल्यांच्या वाट्याला जेमतेम २.७ टक्के येतात. ब्राऊनकडे त्याच वर्षी ६,२४४ पैकी ८९८ आगाऊ अर्ज मंजूर झाले, म्हणजे १४ टक्क्यांच्या वर. नंतरच्या फेरीचा आकडा चार टक्क्यांच्याही खाली. डार्टमथमध्ये आगाऊ फेरीत ३,५५० पैकी ६०६, म्हणजे १७ टक्के. तिप्पट-चौपट संधी! हे बघून कोणाचेही हात शिवशिवतील.

पण आगाऊ फेरीत कोण कोण उभं असतं ते पाहिलं पाहिजे. विद्यापीठाच्या संघासाठी प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू बहुतांशी याच फेरीत येतात. आईवडील त्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी असलेली मुलं येतात. वर्णाधारित प्रवेशाविरुद्ध हार्वर्डवर जो खटला चालला आणि ज्याचा सुप्रीम कोर्टाने जून २०२३ मध्ये निकाल दिला, त्या खटल्यात प्रवेशाची आतली आकडेवारी उघड झाली. हेरलेल्या खेळाडूंपैकी ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे ३३ टक्क्यांना. अशी माणसं ज्या रांगेत जास्त, त्या रांगेची सरासरी फुगणारच. सांगलीच्या मुलीने त्या रांगेत उभं राहिल्याने तिची सरासरी फुगत नाही.

ही सूज किती आणि खरा फायदा किती, हे ताडून बघायला एमआयटी उपयोगी पडतं. तिथं माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप नाही, प्रशिक्षकाच्या शब्दाला मर्यादित वजन आहे आणि अर्ज बंधनकारक नाही. २०२४ च्याच तुकडीसाठी तिथं आगाऊ फेरीत १२,५६३ पैकी ६६१ निवडले गेले, म्हणजे सव्वापाच टक्के. दोन्ही फेऱ्यांचा मिळून आकडा साडेचार टक्के. फरक राहिलाच म्हणायचा तर चिमूटभर. आगाऊ अर्जाने काही विशेष लाभ होत नाही, असं एमआयटी स्वतःही सांगतं आणि आकडे त्याच्या बाजूने बोलतात.

म्हणजे सगळा भासच का? तसंही नाही. क्रिस्टफर एव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर या तिघांनी २००३ साली ‘द अर्ली ॲडमिशन्स गेम’ हे पुस्तक काढलं. १४ नामवंत महाविद्यालयांकडच्या पाच लाखांवर अर्जांची माहिती त्यांनी चाळली. सारख्या गुणांचे, सारख्या पार्श्वभूमीचे अर्जदार एकमेकांशेजारी ठेवून पाहिलं, खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलं वेगळी काढली. तरीही आगाऊ अर्ज करणं हे सॅट परीक्षेत सुमारे १०० गुण जास्त पडण्याइतकं मोलाचं ठरत होतं. महाविद्यालयांचे अधिकारी तोवर जाहीरपणे सांगत आले होते की आमच्याकडे सगळ्यांना एकच फूटपट्टी. पुस्तकाने ते खोटं पाडलं. माहिती १९९० च्या दशकातली आहे आणि तेव्हापासून अर्जांची संख्या कितीतरी पटींनी वाढली आहे, त्यामुळे १०० हा आकडा आज जसाच्या तसा धरू नये. पण दिशा बदललेली दिसत नाही. फायदा आहे, तो बंधनकारक अर्जात ठळक आहे आणि कोष्टकात दिसतो त्यापेक्षा बराच कमी आहे.

विद्यापीठं तो का देतात, हे कळलं की पुढचं सगळं उलगडतं. समजा एका महाविद्यालयात १,००० जागा आहेत आणि प्रवेश दिलेल्यांपैकी ४० टक्केच प्रत्यक्ष येतात. जागा भरायला २,५०० जणांना होकार कळवावा लागेल. आता त्यांतल्या ५०० जागा बंधनकारक फेरीत भरल्या. ती ५०० मुलं येणारच. उरलेल्या ५०० जागांसाठी १,२५० होकार पुरतात. एकूण १,७५०. अर्ज २०,००० असतील तर स्वीकाराचं प्रमाण साडेबारा टक्क्यांवरून पावणेनऊवर येतं आणि दिलेला प्रवेश घेणाऱ्यांचं प्रमाण ४० वरून ५७ टक्क्यांवर जातं. शिक्षक तेच, ग्रंथालय तेच, इमारतीला रंगसुद्धा लावलेला नाही, आणि संस्था कागदावर जास्त दुर्मीळ, जास्त हवीहवीशी झाली. ‘यूएस न्यूज’ची क्रमवारी २००३ पर्यंत हे दुसरं प्रमाण मोजत असे आणि स्वीकाराचं प्रमाण २०१८ पर्यंत. क्रमवारीने ते सोडलं, संस्थांनी सवय सोडली नाही, कारण बंधनकारक फेरी अंदाजपत्रकाची चिंताही मिटवते. पूर्ण फी भरणारे किती येणार हे डिसेंबरातच कळतं. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेनने २०२२ च्या तुकडीसाठी नेहमीच्या फेरीतून फक्त १०६ जणांना होकार दिल्याची बातमी आली तेव्हा अमेरिकेतले काउन्सेलरही चकित झाले होते. अशा ठिकाणी जानेवारीत अर्ज करणं म्हणजे जवळजवळ अर्ज न करणंच.

पद्धत नवी नाही. १९५० च्या दशकात ईशान्येकडच्या काही महाविद्यालयांनी ती सुरू केली. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांची त्याहून खासगी व्यवस्था होती. ठरावीक बड्या शाळांतल्या मुलांना अ, ब, क अशी श्रेणी आगाऊ कळवली जायची. अ म्हणजे या, क म्हणजे दुसरीकडे बघा. ती रीत मोडून १९७० च्या दशकात तिघांनी सर्वांसाठी बंधन नसलेली आगाऊ फेरी आणली. १९९० च्या दशकाच्या मध्याला येल आणि प्रिन्स्टन बंधनकारक झाले आणि मग चढाओढ लागली.

सप्टेंबर २००१ च्या ‘द अटलांटिक’ मासिकात जेम्स फॅलोज यांनी या पद्धतीवर दीर्घ लेख लिहिला. तिला त्यांनी शीर्षकातच ‘रॅकेट’ म्हटलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने बंधनकारक फेरीच्या जोरावर स्वतःला कसं वर आणलं, त्याची कहाणी त्यात आहे. त्याच वर्षी डिसेंबरात येलचे अध्यक्ष रिचर्ड लेव्हिन जाहीरपणे म्हणाले की सगळ्यांनीच हे बंद केलं तर बरं होईल. ‘सगळ्यांनी’ या शब्दात सगळी गोम होती. येलने एकट्याने बंद केलं तर चांगली मुलं प्रिन्स्टन पळवणार, आणि सगळ्यांनी एकत्र बसून ठरवावं तर स्पर्धाविरोधी कायदा आड येणार. याच संस्थांनी आर्थिक मदतीचे आकडे आपापसांत ठरवल्याबद्दल १९९१ साली सरकारने कानउघाडणी केलेली होतीच.

मग एकेकट्याने प्रयत्न झाले. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने २००२ साली बंधनकारक फेरी काढून टाकली. त्याच वर्षी येल आणि स्टॅनफर्डने बंधन सोडून मघाचा मधला मार्ग धरला. सर्वांत मोठं पाऊल हार्वर्डचं. सप्टेंबर २००६ मध्ये हंगामी अध्यक्ष डेरेक बोक यांच्या काळात हार्वर्डने आगाऊ फेरी पूर्ण बंद केली. ज्यांचं आधीच बरं चाललंय त्यांचंच ही पद्धत आणखी बरं करते, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठ लगोलग मागून आले. बाकी कोणी आलं नाही. येल नाही, स्टॅनफर्ड नाही, कोलंबिया नाही. चार-पाच वर्षं वाट पाहून आधी व्हर्जिनियाने आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एकाच दिवशी हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने ती पुन्हा सुरू केली. व्हर्जिनियाने तर २०१९ साली बंधनकारक फेरीही परत आणली आणि २०२५ मध्ये मिशिगनसारख्या मोठ्या सरकारी विद्यापीठाने ती नव्याने सुरू करत असल्याचं जाहीर केलं. ज्या हार्वर्डला कोणी नाही म्हणत नाही त्यालाही एकट्याने नियम मोडणं परवडलं नाही. नीतीचा प्रश्न इथं संपतो आणि बाजाराचा सुरू होतो.

यात एक गमतीची गोष्ट आहे. रिचर्ड लेव्हिन यांचे चिरंजीव जॉनथन लेव्हिन अर्थतज्ज्ञ झाले. २०१० साली त्यांनी मघाच्याच एव्हरींबरोबर शोधनिबंध लिहिला आणि ही पद्धत टिकते कशामुळे याची उकल मांडली. ‘मला तुम्हीच हवे आहात’ हे शंभर ठिकाणी लिहिता येतं, पण आगाऊ अर्ज एकाच ठिकाणी जातो. म्हणून त्या अर्जाला खरेपणाची किंमत येते, आणि महाविद्यालयांना, विशेषतः पहिल्या क्रमांकाच्या जरा खालच्यांना, ज्यांना आपण खरोखर हवे आहोत अशी मुलं ओळखता येतात. बापाने जे बंद व्हावं म्हटलं त्याचं कारण मुलाने शोधून दिलं. २०२४ पासून जॉनथन लेव्हिन स्टॅनफर्डचे अध्यक्ष आहेत. स्टॅनफर्डची आगाऊ फेरी चालू आहे.

अर्थशास्त्रात या आजाराचं निदान त्याहून जुनं आहे. ॲल्विन रॉथ आणि शाओलिन शिंग यांनी १९९४ साली दाखवलं की जिथं चांगल्या माणसांसाठी चढाओढ असते तिथं सौद्याची वेळ आधी, आणखी आधी अशी सरकत जाते. अमेरिकेतली इस्पितळं १९४० च्या दशकात डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना पदवीच्या दोन-दोन वर्षं आधी नेमून ठेवत होती. कोण कसा डॉक्टर होणार हे कळायच्या आतच करार. त्यावर १९५२ साली मध्यवर्ती जुळणीची व्यवस्था आली. सगळ्यांनी आपापले पसंतिक्रम द्यायचे, एकाच दिवशी निकाल. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये अशाच जुळणीचं गणित मांडलं आणि रॉथ व शॅप्ली यांना २०१२ साली नोबेल मिळालं. आपल्या आयआयटी-एनआयटीच्या जागा २०१५ पासून ‘जोसा’ ज्या पद्धतीने वाटते तिच्या मुळाशी हेच गणित आहे. त्यामुळे तिथं आधी कोण, नंतर कोण हा प्रश्नच उद्भवत नाही. राज्याच्या कॅप फेरीत पर्याय भरताना रात्री जागवणाऱ्या पालकांना हे ऐकून हसू येईल, पण आपल्या या पद्धतीत मुलाला आपला खरा पसंतिक्रम लिहिता येतो. डावपेच म्हणून दुसऱ्या आवडीचं पहिल्या जागी टाकावं लागत नाही. अमेरिकेत नेमकं तेच करावं लागतं. हार्वर्ड मनात असतं, पण तिथं बंधन नाही आणि सांगण्यासारखा फायदाही नाही, मग हातातला एकुलता एक बंधनकारक अर्ज कॉर्नेलवर टाकावा का, असा विचार सतरा वर्षांचं मूल करत बसतं.

दक्षिण कोरियात हा पेच आणखी कडक आहे. तिथं ‘सुसी’ नावाची आगाऊ फेरी शरदात होते. त्यात सहा अर्ज करता येतात आणि देशातल्या बहुसंख्य जागा त्यातूनच भरतात. सुसीत कुठंही निवड झाली की परीक्षेच्या गुणांवर होणाऱ्या पुढच्या फेरीचा दरवाजा बंद. नंतर परीक्षेत अनपेक्षित भरघोस गुण पडले तरी आधी मिळालेल्या खालच्या विद्यापीठातच जावं लागतं. मुलं याला ‘सुसीने पळवून नेलं’ असं म्हणतात. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत ऑक्टोबरच्या मध्याला असते, इतरांच्या तीन महिने आधी, आणि एका वर्षी दोहोंपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो. पण तिथं नंतरची फेरीच नाही, सगळेच ‘आधी’ असतात, म्हणून लवकर आल्याचं बक्षीसही नाही.

अमेरिकेत कायद्याचा दबाव उलटसुलट पडला. न्याय खात्याने २०१८ साली बंधनकारक फेरीतल्या नावांच्या देवाणघेवाणीची चौकशी सुरू केली. २०१९ अखेरीस प्रवेश समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेला आपल्या आचारसंहितेतली काही कलमं काढावी लागली. आगाऊ अर्जदारांना खास आमिषं दाखवू नयेत हे त्यांतलंच एक. स्पर्धा वाढावी म्हणून सरकार मध्ये पडलं आणि आमिष दाखवायची मुभा मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये काही विद्यार्थ्यांनी ३२ महाविद्यालयांवर आणि कॉमन ॲपवर खटला भरला. बंधनकारक फेरीमुळे स्पर्धा मरते आणि फी चढी राहते, असं त्यांचं म्हणणं आहे.

फीचा मुद्दा आला की मूळ प्रश्नाला हात लागतो. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांच्या २०२३ च्या अभ्यासात दिसलं की परीक्षेत सारखेच गुण असलेल्या मुलांत सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतलं मूल आयव्ही लीग आणि तिच्या बरोबरीच्या महाविद्यालयांत पोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलापेक्षा दुपटीहून जास्त असते. याला आगाऊ फेरी एकटी जबाबदार नाही. पण ज्या घराला चार ठिकाणची मदतपत्रं शेजारी मांडून बघायची गरज नाही, तेच घर नोव्हेंबरात निर्धास्त सही करतं. क्वेस्टब्रिजसारखा अपवाद आहे. त्यात कमी उत्पन्नाच्या हुशार मुलांना डिसेंबरच्या सुरुवातीलाच चार वर्षांच्या पूर्ण खर्चासह प्रवेश मिळतो. पण ती सोय अमेरिकी नागरिकांसाठी, तिथल्या कायम रहिवाशांसाठी किंवा तिथं शाळेत शिकणाऱ्यांसाठी आहे.

आपल्याकडून किती जण जातात तेही सांगायला हवं. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यांत पदवीपूर्व अभ्यासक्रमाचे सुमारे ३६,०००. म्हणजे हा प्रश्न थोड्या घरांचा आहे, पण ज्यांचा आहे त्यांना तो कर्जाच्या खाईत ढकलू शकतो. हार्वर्डचा २०२४-२५ चा फी, राहणं आणि जेवण असा खर्च ८२,८६६ डॉलर होता, एका वर्षाचा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडॉइन आणि आता ब्राऊन अशी मोजकी ठिकाणं परदेशी अर्जदाराची ऐपत न बघता निवड करतात आणि मग लागेल ती मदत देतात. कोलंबिया, कॉर्नेल, पेनसिल्व्हेनिया, स्टॅनफर्ड इथं परदेशी मुलाने मदत मागितली की ती बाब निवडीत धरली जाते. ‘आत्ता मदत मागू नका, एकदा प्रवेश पदरात पडू द्या, मग बघू’ हा सल्ला पुण्या-मुंबईत सर्रास मिळतो. अनेक महाविद्यालयांचा नियमच असा आहे की परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी मदत मागितली नसेल तर पुढे मागता येत नाही. त्या सल्ल्यावर विसंबून बंधनकारक अर्ज करणं म्हणजे घर गहाण टाकायची तयारी ठेवणं.

जमिनीच्या व्यवहारात विसार देतो तेव्हा पावतीवर किंमत लिहिलेली असते. बंधनकारक अर्जात सही आधी होते आणि किंमत नंतर कळते. दिलेली मदत पुरेशी नसेल तर विद्यार्थ्याला प्रवेश नाकारून मोकळं होता येतं, हे खरं, कराराच्या मसुद्यातच तशी सोय आहे. पण ‘पुरेशी’ म्हणजे किती, हा हिशेब महाविद्यालयाचं सूत्र मांडतं. त्या सूत्राला मामाच्या नावावर असलेलं पण आपण राहतो ते घर, चार भावांच्या सामाईक सातबाऱ्यावरची शेती, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदतठेव या गोष्टी कशा दिसतील ते सांगता येत नाही. आणि डिसेंबरात नाही म्हणायचं तर दोन आठवड्यांत बारा ठिकाणचे नवे अर्ज लिहायचे.

पैशाइतकीच दुसरी अडचण वेळापत्रकाची. आपल्याकडे अकरावी हे श्वास घ्यायचं वर्ष समजतात. दहावीची दमछाक झालेली, बारावी पुढे उभी. आगाऊ अर्जात मात्र अकरावीचे गुण हेच शेवटचे पूर्ण गुण असतात. बारावीचा निकाल मे महिन्यात, म्हणजे विद्यापीठाचा निर्णय होऊन पाच महिने उलटल्यावर. नोव्हेंबरात जातात ते शिक्षकांनी वर्तवलेले अंदाजे गुण. आंतरराष्ट्रीय शाळांना याची सवय आहे, राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयांना नाही. त्यातून मूल ‘इंटिग्रेटेड’ क्लासचं असेल, हजेरी कॉलेजात आणि शिक्षण क्लासमध्ये, तर शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी त्याला पाहिलेलंही नसतं. काउन्सेलरच्या जागी प्राचार्य सही करतात. त्या सहीत इतर अर्ज मागे घेण्याची हमी गुंतलेली आहे, आणि विद्यार्थ्याने ती मोडली तर पुढच्या वर्षी त्याच संस्थेच्या मुलांकडे संशयाने पाहिलं जाऊ शकतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. ज्याची अकरावी साधारण आणि बारावीची पहिली सहामाही उत्तम, त्याने घाई करण्यात काहीच शहाणपण नाही. जानेवारीच्या अर्जात ते गुण तरी जातात.

मग आगाऊ अर्ज कोणी करावा? ज्याचा अर्ज ऑक्टोबरात खरोखर तयार आहे त्याने बंधन नसलेला आगाऊ अर्ज जरूर करावा. त्यात गमावण्यासारखं काही नाही, फार तर डिसेंबरातल्या एका पहाटे साडेपाचला निकाल बघून मन खट्टू होईल. बंधनकारक अर्ज दोघांसाठीच आहे: पूर्ण खर्च खरोखर पेलणाऱ्यांसाठी, आणि परदेशी मुलांची ऐपत न बघता पूर्ण गरज भागवणारं महाविद्यालय ज्यांची पहिली पसंती आहे त्यांच्यासाठी. मधल्या मोठ्या वर्गाने, म्हणजे पगार बरा पण वर्षाला सत्तर लाख नाहीत अशा घरांनी, त्या फेरीपासून लांब राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. संधी थोडी कमी होईल, पण एप्रिलमध्ये हातात तुलना करायला कागद असतील.

सल्लागाराच्या कोष्टकावर जाऊ नका. बहुतेक महाविद्यालयं ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं पत्रक दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर टाकतात. त्याच्या सी विभागातल्या २१ व्या कलमात बंधनकारक फेरीचे अर्ज आणि प्रवेश दिलेले असतात, आणि ७ व्या कलमात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना किती वजन आहे ते. दोन्ही एकत्र वाचा. प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांनी आगाऊ फेरीचे आकडे जाहीर करणंच थांबवलं आहे, तेव्हा त्यांच्याबद्दल कोणी ठाम टक्केवारी सांगू लागला तर ती कुठून आणली ते विचारा. आणि सही करण्याआधी, सप्टेंबरातच, त्या महाविद्यालयाच्या आर्थिक मदत विभागाला ईमेल करा: परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितल्याचा निवडीवर परिणाम होतो का, नंतर मदत मागता येते का, आमचं एवढं उत्पन्न आणि एवढी मालमत्ता असेल तर अंदाजे किती मिळेल. उत्तर लेखी घ्या. ते ऑक्टोबरअखेर आलं नाही, तर १ जानेवारीच्या मुदतीने अर्ज करा.